डिलीट झालेली सर्व्हिस एजंट पुन्हा डिलीट करतो: कारण कुठे सापडलं आणि टूलच्या वर्णनात काय बदललं

घणसोलीला उतरून महाप्याची शेअर रिक्षा मिळेपर्यंत फोनवर तीन मेसेज येऊन पडलेले असायचे. पहिला एजंटचा रात्रीचा अहवाल, त्यात 'डिलीट करता आली नाही' अशा सात-आठ सर्व्हिसेस. दुसरा टेस्टिंगमधल्या मुलीचा, 'ताई, डेमोची लिंक उघडत नाहीये.' तिसरा डेव्हलपरचा, 'रात्री मी स्वतः डिप्लॉय केलंय, चालत होतं.' पहिला मेसेज रोजचाच. पुढचे दोन आठ-दहा दिवसांतून एकदा, आणि नेमके डेमोच्या दिवशी.

ज्यांच्याकडे एआय एजंटच्या, म्हणजे टूल वापरून स्वतःच पावलं ठरवत काम करणाऱ्या मॉडेलच्या, हातात क्लाउडवरच्या सर्व्हिसेस डिलीट करायचं टूल दिलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमची मांडणी अशी: सर्व्हिसेस चालवायला गुगल क्लाउड रन, मुंबईचं रीजन म्हणजे एशिया-साउथ१, आणि आम्हीच लिहिलेला एक छोटा एमसीपी सर्व्हर (एमसीपी म्हणजे एजंटला टूल्स जोडायची ठरलेली पद्धत), ज्यात सर्व्हिसेसची यादी देणारं एक टूल आणि एक सर्व्हिस डिलीट करणारं दुसरं. कोडमध्ये ही नावं अर्थातच रोमन लिपीत आहेत, आणि टूलचं वर्णनही इंग्रजीत. इथे सगळं मराठीत सांगते.

काय दिसतं

आमचं उत्पादन म्हणजे हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं आणि पावत्या. प्रत्येक पुल रिक्वेस्टसाठी, म्हणजे कोडमधला बदल तपासायला पाठवला की, आपोआप डिप्लॉय करणारी पाइपलाइन एक प्रीव्ह्यू सर्व्हिस उभी करते, नाव त्या बदलाच्या ब्रँचवरून घेते. पुल रिक्वेस्ट बंद झाली की ती सर्व्हिस काढायची. हे काम पूर्वी शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी हाताने करायचं, म्हणजे कुणीच करायचं नाही. मग ते रात्री दीडला चालणाऱ्या एजंटला दिलं.

लक्षणं तीन. एकाच सर्व्हिसवर डिलीटचा कॉल दोनदा, कधी तीनदा. जी सर्व्हिस खरोखर गेलेली आहे तिच्यापुढे अहवालात 'अपयश', कारण दुसऱ्या कॉलला ४०४, म्हणजे 'सापडत नाही', आला. आणि तिसरं, जे फार उशिरा लक्षात आलं: अधूनमधून नुकतीच उभी राहिलेली सर्व्हिसच गायब.

तुमच्याकडे पहिली दोनच दिसत असतील तर 'चालतंय की' म्हणून सोडून देऊ नका. आम्ही तीन आठवडे सोडून दिलं होतं. तिन्हींचं मूळ एकच निघालं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

सगळ्यात आधी पाइपलाइनवर संशय घेतला. डिप्लॉय अर्धवट होत असेल म्हणून तिचे लॉग चाळले. स्वच्छ. मग डेव्हलपरवर. बिचाऱ्याने रात्री दीड-दोनला लिंक चालत असल्याचा स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा तो विषय संपला.

मग कुणीतरी म्हणालं, आपल्या टेराफॉर्ममध्ये डिलीशन प्रोटेक्शन चालू आहे, सर्व्हिस जाईलच कशी? टेराफॉर्म म्हणजे क्लाउडवरची मांडणी फाइलींमध्ये लिहून उभी करणारं साधन, आणि डिलीशन प्रोटेक्शन म्हणजे त्यातलं डिलीट अडवणारं बटण. इथे दोन मिनिटं थांबायला हवं, कारण हा गैरसमज मी आणखी दोन ठिकाणी ऐकलाय. क्लाउड रनच्या सर्व्हिससाठी टेराफॉर्ममध्ये असलेलं ते बटण टेराफॉर्मचेच हात बांधतं. टेराफॉर्मला ती सर्व्हिस काढता येत नाही, एवढंच. कन्सोलमधून (क्लाउडच्या वेबपेजवरून), कमांडने किंवा एपीआयने (प्रोग्रॅममधून थेट) कुणी डिलीट केली तर त्या बटणाला पत्ताही लागत नाही. शिवाय आमचे प्रीव्ह्यू टेराफॉर्मने उभेच राहत नव्हते. म्हणजे जे कुलूप आम्ही हलवून बघत होतो ते शेजारच्या दाराचं होतं.

शेवटचा उपाय नेहमीचा: मॉडेल बदला. मोठं मॉडेल लावलं. आठवडाभर दुहेरी कॉल कमी झाल्यासारखे वाटले, मग पुन्हा तेच. उलट मोठं मॉडेल जास्त चिकाटीचं निघालं. ४०४ आला की ते स्वतःहून दुसऱ्या रीजनमध्ये त्याच नावाची सर्व्हिस शोधायला जायचं. दिल्लीच्या एशिया-साउथ२ मध्ये आमचं काहीही नाही हे आमचं नशीब.

लॉग वाचताना एक खड्डा

कोणी, कधी, काय डिलीट केलं हे गुगल क्लाउडच्या ऑडिट लॉगमध्ये सापडतं. बदल करणाऱ्या कामांच्या, म्हणजे अ‍ॅडमिन अ‍ॅक्टिव्हिटी प्रकारचे हे लॉग बंद करता येत नाहीत आणि ४०० दिवस राहतात, त्यामुळे जुनं प्रकरणही उकरता येतं. डिलीट सर्व्हिस या मेथडवर फिल्टर लावला, आणि प्रत्येक सर्व्हिसच्या दोन-दोन नोंदी आल्या. मी लगेच टीमला कळवलं की एजंट प्रत्येक सर्व्हिस दोनदा डिलीट करतोय.

चूक. वेळ घेणारं काम असलं की ऑडिट लॉगमध्ये बहुधा दोन नोंदी पडतात, एक काम सुरू झाल्याची आणि एक संपल्याची. दोन्हींत ऑपरेशनचा आयडी एकच असतो. पहिलीवर 'फर्स्ट' असं चिन्ह असतं, दुसरीवर 'लास्ट'. नोंदी मोजायच्या नाहीत, ऑपरेशनचे वेगवेगळे आयडी मोजायचे. तसं मोजल्यावर चित्र बदललं. बहुतेक सर्व्हिसेसना एकच ऑपरेशन होतं, आणि दुसरा कॉल नुसता ४०४ घेऊन परत गेला होता. पण एका नावावर एकाच रात्रीत दोन वेगळी ऑपरेशन्स होती आणि दोन्ही यशस्वी. एकदा गेलेली वस्तू दुसऱ्यांदा कशी जाईल?

त्या रात्रीचा क्रम कागदावर मांडला.

पावतीवरची तारीख दुरुस्त करणारी एक पुल रिक्वेस्ट रात्री दहाला चुकून बंद झाली होती. दीडला एजंट उठला आणि बंद रिक्वेस्टच्या यादीप्रमाणे १:३१ ला तिची सर्व्हिस डिलीट केली. सकाळी डेमो म्हणून डेव्हलपर जागाच होता. त्याने १:३३ ला रिक्वेस्ट पुन्हा उघडली. पाइपलाइनने १:३६ ला त्याच नावाची नवी सर्व्हिस उभी केली. १:३८ ला एजंटने बाकीची कामं आटपून शहाण्यासारखी शेवटची खात्री केली, म्हणजे यादी मागवली. यादीत तेच नाव. एजंटचा निष्कर्ष: 'पहिला प्रयत्न फसला, पुन्हा करतो.' आणि केला.

क्लाउड रनमध्ये त्याच रीजनमध्ये त्याच नावाची सर्व्हिस पुन्हा उभी केली तर तिचा पत्ता, म्हणजे यूआरएल, तोच राहतो. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला मध्ये एक सर्व्हिस मेली आणि दुसरी जन्मली हे कळतच नाही. डेव्हलपरने १:३७ ला लिंक उघडून बघितली, चालली, झोपायला गेला.

ठाण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्या कुणालाही हे पटकन समजेल. बी-४०२ मधला भाडेकरू एकोणतीस तारखेला गेला, एक तारखेला नवीन कुटुंब आलं, आणि दोन तारखेला सोसायटीच्या ऑफिसातून माणूस येतो, 'तुम्हाला फ्लॅट खाली करायला सांगितलं होतं ना?' नोटीस फ्लॅटच्या नंबरावर काढलेली, माणसाच्या नावावर नाही. आमचं टूल नंबरावर नोटीस काढत होतं.

खरं कारण टूलच्या वर्णनात होतं

आमच्या डिलीट टूलचं जुनं वर्णन पूर्ण देते: 'क्लाउड रन सर्व्हिस डिलीट करते.' बस. आणि कॉल केल्यावर उत्तरात एपीआयकडून आलेलं ऑपरेशनचं जेसन, म्हणजे प्रोग्रॅमसाठीचा कोरडा मजकूर, जसंच्या तसं.

मी हे लिहिलं तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं, कारण मला बाकीचं माहीत होतं. डिलीटचा एपीआय लगेच 'झालं' असं म्हणत नाही. तो एक ऑपरेशन हातात देतो, दवाखान्यात टोकन देतात तसं. ते ऑपरेशन विचारत राहायचं, त्यात 'डन' खरं झालं की मग यश की चूक ते बघायचं. काम पूर्ण होईपर्यंत सर्व्हिस कन्सोलमध्ये आणि यादीत दिसत राहते, फक्त तिच्यात बदल करता येत नाही. माणूस कन्सोलवर हे पाहून समजतो. एजंटसमोर कन्सोल नाही. त्याच्याकडे टूलचं नाव, वर्णन, आर्ग्युमेंट्स (टूलला द्यायची माहिती) आणि परत आलेलं उत्तर एवढंच. एजंट हा सांगकाम्या. सांगितलं नाही ते तो स्वतःच्या अंदाजाने भरतो.

हे मला कळलं ते आमच्याकडे नव्याने आलेल्या ट्रेनीमुळे. तिने कन्सोल कधी उघडलेलाच नव्हता. तिला टूलचं वर्णन आणि एका खऱ्या कॉलचं उत्तर छापून दिलं, आणि म्हटलं, तू एजंट आहेस, पुढे काय करशील? तिने ते जेसन दोनदा वाचलं.

'ताई, हे डिलीट झालं का?'

'तुला काय वाटतं?'

'काहीतरी तयार झालंय असं वाटतंय. ऑपरेशन म्हणून. मी यादी परत बघेन. असेल तर परत डिलीट करेन.'

नेमकं तेच. एजंट मूर्ख नव्हता, त्याला दिलेला कागद अपुरा होता. तेव्हापासून कुठलंही टूल बाहेर सोडायच्या आधी मी अशा कुणाला तरी कागद देते. टपरीवर दोन कटिंग आणि एक वडापाव एवढ्यात ही चाचणी होते आणि कुठल्याही टेस्ट सूटपेक्षा जास्त सापडतं.

'आयडेम्पोटंट' या शब्दाने केलेला घोळ

एमसीपीमध्ये टूलला काही खुणा लावता येतात. फक्त वाचतं का, विध्वंसक आहे का, तोच कॉल पुन्हा केला तर आणखी काही परिणाम होतो का, वगैरे. २०२५ च्या मार्च महिन्यातल्या आवृत्तीत या खुणा आल्या. काहीच लावलं नाही तर टूल वाचण्यापुरतं नाही, विध्वंसक असू शकतं आणि आयडेम्पोटंट (तोच कॉल पुन्हा केला तरी आणखी परिणाम न होणारं) नाही असं धरलं जातं. म्हणजे गप्प बसलं तर सुरक्षित बाजू.

आम्ही गप्प बसलो नव्हतो. डिलीट टूलवर आयडेम्पोटंटची खूण 'हो' अशी लावली होती, आणि लावणारी मीच. कारण एचटीटीपी, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या मानकात, सध्याच्या आरएफसी ९११० मध्येही, डिलीट ही मेथड आयडेम्पोटंट म्हणून दिली आहे. एकदा पाठवा की पाच वेळा, अपेक्षित परिणाम एकच, वस्तू नाहीशी. दुसऱ्या वेळी २०० ऐवजी ४०४ आला तरी ती व्याख्या मोडत नाही, कारण ती परिणामाबद्दल आहे, उत्तराच्या आकड्याबद्दल नाही.

पुस्तकात बरोबर. पण दोन कॉलच्या मध्ये तिसराच कुणी त्याच नावाची नवी वस्तू ठेवून गेला तर 'तोच' कॉल आता दुसऱ्याच वस्तूवर पडतो. आमच्याकडे तो तिसरा म्हणजे पाइपलाइन, आणि तिचं कामच त्याच नावाने पुन्हा पुन्हा सर्व्हिस उभी करणं. नावाने होणारं डिलीट आमच्या घरात आयडेम्पोटंट नाही. खूण काढली.

एजंट चालवणारा प्रोग्रॅम या खुणा बघून वेळ संपल्यास आपोआप कॉल पुन्हा करायचा की नाही हे ठरवू शकतो, म्हणून खोटी खूण नुसती दिखाऊ चूक ठरत नाही. आणि उलट बाजूने, या खुणा म्हणजे फक्त सूचना आहेत. 'विध्वंसक' लिहिल्याने कुणी अडतं असं नाही.

नवं वर्णन

बऱ्याच काटछाटीनंतर जे राहिलं ते असं. तुमच्या क्लाउडप्रमाणे तपशील बदला. (रिव्हिजन म्हणजे सर्व्हिसची एकेक आवृत्ती, कंटेनर इमेज म्हणजे ती ज्यातून चालते ते गाठोडं, इव्हेंटार्क ट्रिगर म्हणजे काही घडलं की तिला हाक मारणारी जोडणी.)

'एका क्लाउड रन सर्व्हिसला कायमचं काढून टाकण्याची विनंती पाठवते. काढलेली सर्व्हिस परत आणता येत नाही. तिच्या सगळ्या रिव्हिजन तिच्याबरोबर जातात, ट्रॅफिक घेणाऱ्याही. कंटेनर इमेज आणि इव्हेंटार्क ट्रिगर मागे राहतात, ते हे टूल काढत नाही.

हे टूल काम पूर्ण होण्याची वाट बघत नाही. उत्तरात ऑपरेशनचं नाव मिळतं. काम संपलं की नाही हे फक्त ऑपरेशन बघण्याच्या टूलने ठरवा. सर्व्हिस यादीत दिसते यावरून काहीही ठरवू नका: ती जात असतानाची असेल, किंवा त्याच नावाची नवी असेल.

नाव आणि ईटॅग हे दोन्ही यादीच्या टूलने याच कामात दिलेले, जसेच्या तसे द्या. आठवणीतून किंवा अंदाजाने भरू नका. ईटॅग जुळला नाही तर नवा ईटॅग आणून पुन्हा प्रयत्न करू नका. मधल्या काळात कुणीतरी त्या सर्व्हिसला हात लावलाय, तसं अहवालात लिहा आणि पुढच्या सर्व्हिसकडे जा.'

शेवटच्या परिच्छेदावर सगळा डोलारा उभा आहे. ईटॅग म्हणजे सर्व्हिसच्या त्या क्षणीच्या रूपाचा ठसा. कुणी नवी रिव्हिजन टाकली तरी तो बदलतो, आणि सर्व्हिस मरून नवी आली तर बदलणारच. क्लाउड रनच्या दुसऱ्या आवृत्तीच्या एपीआयमध्ये डिलीटच्या विनंतीबरोबर ईटॅग देता येतो, तिथे तो ऐच्छिक आहे. आमच्या टूलमध्ये सक्तीचा केला. १:३८ चा तो कॉल आज १:३१ चाच ईटॅग घेऊन आला असता तर विनंती नाकारली गेली असती.

पण ईटॅग जुळला नाही म्हणून एजंट ताजा ईटॅग आणून पुन्हा वार करू शकतो. पहिल्या मसुद्यात 'पुन्हा प्रयत्न करू नका' हे वाक्य नव्हतं, आणि त्याने तेच केलं. माणूससुद्धा तेच करतो म्हणा. चूक आली की रीफ्रेश मारायची सवय आपल्यालाही आहेच. म्हणून वाक्यावर न थांबता सर्व्हरमध्येही एक तपासणी घातली. प्रत्येक सर्व्हिसला क्लाउडने दिलेला एक यूआयडी असतो, तो सर्व्हिस असेपर्यंत बदलत नाही. कामाच्या सुरुवातीला यादी देतानाच आमचा सर्व्हर नाव आणि यूआयडी यांची जोडी टिपून ठेवतो. त्या कामात त्या नावाचा यूआयडी बदललेला दिसला की डिलीटचा कॉल पुढे जातच नाही. फ्लॅट तोच, भाडेकरू वेगळा, नोटीस परत.

नावाबद्दलही. पूर्वी प्रोजेक्ट, रीजन आणि सर्व्हिस अशी तीन वेगळी आर्ग्युमेंट्स होती आणि रीजन दिलं नाही तर आम्हीच एक गृहीत धरायचो. एजंट कधी रीजन सोडायचा, कधी अमेरिकेतलं टाकायचा, बहुधा उदाहरणांमध्ये तेच जास्त वाचलेलं असल्यामुळे. आता एकच आर्ग्युमेंट, पूर्ण नाव: प्रोजेक्ट, लोकेशन आणि सर्व्हिस सलग जोडलेलं, एपीआयला हवं तसंच. स्कीमामध्ये, म्हणजे आर्ग्युमेंटच्या नियमांत, पॅटर्न आहे, त्यात मुंबईचंच रीजन चालतं आणि सर्व्हिसचं नाव प्रीव्ह्यूच्या उपसर्गानेच सुरू व्हावं लागतं. गृहीत काहीच नाही.

उत्तरात काय लिहायचं, हे वर्णनापेक्षा जास्त कामाचं निघालं

वर्णन एजंट सुरुवातीला वाचतो. तीसाव्या सर्व्हिसपर्यंत ते बरंच मागे पडलेलं असतं. उत्तर मात्र अगदी ताजं, पुढचं पाऊल टाकायच्या क्षणी समोर असतं. म्हणून सूचना जिथे लागते तिथे, म्हणजे उत्तरातच ठेवली.

विनंती स्वीकारली गेली तर पूर्वी नुसतं जेसन यायचं. आता आधी वाक्य येतं: 'विनंती स्वीकारली. सर्व्हिस अजून गेलेली नाही. पुढचं पाऊल: या नावाचं ऑपरेशन दहा सेकंदांनी बघा. डिलीट पुन्हा कॉल करू नका.' त्याखाली ऑपरेशनचं नाव आणि यूआयडी.

४०४ आला तर: 'या रीजनमध्ये या नावाची सर्व्हिस नाही. याच कामात तुम्ही ती डिलीट केली असेल तर काम पूर्ण झालं, यश म्हणून नोंदवा. केली नसेल तर आधीच गेलेली म्हणून नोंदवा. दुसऱ्या रीजनमध्ये किंवा मिळत्याजुळत्या नावाने शोधू नका.' या एका उत्तराने सकाळच्या अहवालातली सात-आठ अपयशं गेली. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच होती आणि आम्ही ती सगळ्यात शेवटी केली.

४०३, म्हणजे परवानगी नाही: 'या सर्व्हिसला हात लावायची परवानगी या खात्याला नाही, आणि हे मुद्दाम आहे. दुसरा मार्ग शोधू नका, माणसाला कळवा.' हे 'मुद्दाम आहे' महत्त्वाचं. ते नसताना एजंटने एकदा अहवालात आम्हालाच सुचवलं होतं की त्याच्या खात्याला जास्त अधिकार द्यावेत, म्हणजे काम सुरळीत होईल. वाक्यरचना एकदम नम्र, सरकारी अर्जासारखी.

एमसीपीपुरती आणखी एक गोष्ट. या चुका टूलच्या निकालातच, 'इज एरर' खरं करून, मजकुरासकट द्यायच्या. प्रोटोकॉलच्या पातळीवर चूक फेकली तर ती मॉडेलपर्यंत पोहोचेलच असं नाही, आणि मग इतकं जपून लिहिलेलं वाक्य कुणीच वाचत नाही.

जे करून बघितलं आणि काढून टाकलं

मोठ्या अक्षरांतल्या धमक्या. 'कधीही', 'अत्यंत महत्त्वाचं', 'सावधान' वगैरे. एका मसुद्यात अशा अकरा सूचना होत्या. परिणाम असा की एजंट प्रत्येक प्रीव्ह्यूसाठी थांबून परवानगी मागायला लागला, अगदी ज्या प्रीव्ह्यूची ब्रँच महिनाभरापूर्वी गेली तिच्यासाठीही. दुधाने तोंड पोळलं होतं आमचं आणि ताक फुंकायला लावलं त्याला.

मग माणसाची परवानगी. सक्तीची मंजुरी लावली, चॅटवर बटण. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नीट वाचून दाबलं. चौथ्या दिवशी एका सरांनी जेवता जेवता सगळ्यांना 'हो' करून टाकलं. त्यांना दोष देत नाही. वीस सारख्या दिसणाऱ्या विनंत्यांमध्ये एकविसावी वेगळी आहे हे कुणाला दिसणार? प्रीव्ह्यूची मंजुरी काढून टाकली.

कोरडी चाचणी मात्र ठेवली. डिलीटच्या एपीआयला 'व्हॅलिडेट ओन्ली' असं सांगता येतं, म्हणजे विनंती तपासली जाते पण काहीच काढलं जात नाही. आधी तो वेगळा आर्ग्युमेंट म्हणून एजंटला दिला होता. त्याने एकदा कोरडी चाचणी केली, ती यशस्वी झाली, आणि अहवालात 'डिलीट झाली' लिहिलं. आता चाचणीचं टूलच वेगळं आहे, त्याच्या नावातच 'तपासा' आहे आणि उत्तराची सुरुवात 'काहीही काढलेलं नाही' अशी. एका टूलमध्ये खरं आणि खोटं असे दोन मोड ठेवू नयेत असं माझं मत झालंय. आमच्या एसआरईला (सिस्टीम चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरला) हे पटलेलं नाही. त्याच्या मते टूलची संख्या वाढली की एजंट निवडताना गोंधळतो. दोघांचंही थोडं बरोबर असेल, पण अहवाल मला वाचायचा असतो.

कुलूप वेगळं

वर्णनात कितीही चांगलं लिहिलं तरी ती विनंतीच असते. म्हणून प्रीव्ह्यू सगळे वेगळ्या प्रोजेक्टमध्ये हलवले. एजंटच्या सर्व्हिस अकाउंटला सर्व्हिस डिलीट करायची परवानगी, म्हणजे रन डॉट सर्व्हिसेस डॉट डिलीट, फक्त त्या प्रोजेक्टवर आहे. खऱ्या सोसायट्यांच्या पावत्या जिथून निघतात त्या प्रोजेक्टमध्ये हे खातं यादीसुद्धा बघू शकत नाही. हे आधी करायला हवं होतं. खरं तर एजंटच्या हातात टूल द्यायच्या आधी, पण तेव्हा सगळंच एका प्रोजेक्टमध्ये होतं आणि 'नंतर वेगळं करू' असं ठरलं होतं. ते नंतर म्हणजे हे.

एवढं करून पुन्हा तीच रात्र घडवून बघितली. पुल रिक्वेस्ट बंद केली, एजंट सुरू केला, मध्येच पुन्हा उघडली आणि पाइपलाइनला सर्व्हिस उभी करू दिली. शेवटच्या खात्रीच्या वेळी एजंटने यादीत नाव पाहिलं, ऑपरेशन बघितलं, 'डन' खरं होतं, यूआयडी वेगळा होता. अहवालात लिहिलं: 'काढली, त्याच नावाची नवी सर्व्हिस दिसते, तिला हात लावलेला नाही.' ट्रेनीने हा अहवाल मोठ्याने वाचून दाखवला.

मागे उरलेलं

सर्व्हिस गेली तरी काही गोष्टी मागे राहतात. इव्हेंटार्कचे ट्रिगर आणि शेड्यूलरमधली कामं त्या जुन्या पत्त्यावर दार वाजवत राहतात, आणि पत्ता तोच राहत असल्यामुळे महिन्याभराने त्याच नावाची सर्व्हिस आली की तिच्यावर अचानक कुठून तरी रात्री दोनला कॉल यायला लागतात. असं दिसलं तर आधी जुने ट्रिगर बघा.

आणि पैसा. साहेबांना वाटत होतं की एजंट प्रीव्ह्यू काढतो म्हणून बिल कमी होतं. क्लाउड रनवर किमान इन्स्टन्स (सतत चालू ठेवलेल्या प्रती) शून्य असेल आणि बिलिंग रिक्वेस्टप्रमाणे असेल तर कुणी न उघडलेला प्रीव्ह्यू जवळजवळ काहीच खात नाही. खातात त्या आर्टिफॅक्ट रजिस्ट्री या गुगलच्या कोठारात साठलेल्या इमेज, आणि त्या सर्व्हिस डिलीट केल्याने जात नाहीत. तिथे एजंट लागतच नाही. रजिस्ट्रीची स्वतःची क्लीनअप पॉलिसी आहे, अमुक दिवसांपेक्षा जुन्या इमेज काढ, शेवटच्या अमुक ठेव, असं सांगता येतं. तिलाही ड्राय रन आहे. मी ती गेल्या सोमवारी ड्राय रनवर लावली आहे, खरी चालू करायच्या आधी तिचे लॉग बघतेय.